हाडातलं माहेर

आमच्या बचत गटाची बैठक दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी असते. हप्ते गोळा होतात, वहीत नोंदी होतात आणि मग चहाबरोबर घरोघरची सुखदुःखं निघतात. २०२२ सालच्या आषाढातल्या बैठकीला आमची एक मैत्रीण आलीच नाही. हप्ता कधी न चुकवणारी, शेंगदाण्याच्या चटणीची ऑर्डर वेळेवर पोचवणारी बाई. म्हणून दुसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेले. साताऱ्याला लागूनच तिचं घर. ती भाकरी थापत होती. मला बघितलं आणि पिठाच्या हातानंच तिनं डोळे पुसले.

"वैनी, माझ्या भावाला ब्लड कॅन्सर झालाय. डॉक्टर म्हणतात, बोन मॅरो बदलायला लागंल. थोरल्या बहिणीचा जुळला नाही. माझा जुळलाय."

तिचं माहेर सांगली जिल्ह्यात, तासगावकडे. भावाची द्राक्षबाग. वय चाळीसच्या आत, दोन लहान मुलं. मी काही बोलणार तेवढ्यात सोप्यातून तिच्या सासूबाईंचा आवाज आला.

"जमिनीचा वाटा द्यायची येळ आली तवा हक्कसोडीवर सही करून घेतली. तवा न्हाई आठवली भन. आता हाडातला मगज पायजे म्हनून आठवली व्हय? मनक्यात सुई घालत्यात. उद्या ही अंथरुनाला खिळली तर माझ्या नातवंडांकडं कुनी बघायचं?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यातलं पहिलं म्हणणं खरं होतं, हे आम्हा सगळ्यांनाच ठाऊक होतं. आणि दुसरं खरं की खोटं, हे मलाही माहीत नव्हतं. मी कला शाखेची पदवीधर. पंधरा वर्षं रक्तदानाची शिबिरं भरवत आले, पण रक्त नेमकं कुठं तयार होतं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "मावशी, आधी डॉक्टरांना विचारून येऊ. मग काय ते ठरवू."

आठ दिवसांनी आम्ही मुंबईला गेलो. मैत्रीण, तिचे यजमान आणि मी. तिथल्या मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्या पाच मिनिटांतच सासूबाईंचा मणका बाजूला काढून ठेवला. म्हणाल्या, "नावामुळे सगळा घोटाळा होतो. पाठीच्या कण्यातून जाते ती मज्जारज्जू, म्हणजे नसांची दोरी. तिला आम्ही हातही लावत नाही. आम्हाला हवी असते अस्थिमज्जा. हाडाच्या पोकळीतला मऊ, लालसर गर. शरीरातलं रक्त तिथं तयार होतं."

किती तयार होतं, हे ऐकून मी थक्क झाले. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेतून दिवसाला सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी बाहेर पडतात. सेकंदाला २० लाखांहून जास्त! आणि हा सगळा कारभार चालतो तो थोड्याशा मूळ पेशींच्या जिवावर. या पेशी एरवी शांत झोपलेल्या असतात. गरज पडली की जाग्या होतात, त्यांच्या दुप्पट-चौपट होतात आणि त्यांतून तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, बिंबिका, सगळं घडतं. मैत्रिणीच्या भावाची ही मूळ बियाणीच बिघडली होती. औषधांचा जबरदस्त मारा करून ती काढून टाकायची आणि जागी बहिणीची निरोगी बियाणी पेरायची, असा तो उपचार.

त्या घ्यायच्या कशा? पूर्वी भूल देऊन कमरेच्या हाडाच्या मागच्या बाजूनं सुईनं अस्थिमज्जा ओढून घेत. अजूनही काही वेळा घेतात. पण आता बऱ्याचदा दात्याला चार-पाच दिवस रोज एक इंजेक्शन देतात. जी-सीएसएफ त्याचं नाव. त्यामुळे हाडातल्या मूळ पेशी रक्तात उतरतात. मग एका हातातून रक्त यंत्रात जातं, यंत्र मूळ पेशी तेवढ्या बाजूला काढतं आणि उरलेलं रक्त दुसऱ्या हातानं परत. चार-पाच तासांचं काम. जे गेलं ते काही आठवड्यांत भरून येतं.

मला राहवलं नाही. "डॉक्टर, इंजेक्शन कातडीखाली देणार. मग हाडातल्या पेशी बाहेर कशा येतात?"

त्या हसल्या. "आत त्या बांधलेल्या असतात. या इंजेक्शनमुळे ते बंध कातरणारी द्रव्यं तिथं वाढतात. गंमत म्हणजे या कातरकामात रक्ताची गुठळी विरघळवणारं द्रव्यसुद्धा सामील असतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय."

गुठळी विरघळवणारं! हा शब्द माझ्या घरचा होता. २००८ साली आमच्या सासऱ्यांना पहाटे छातीत दुखायला लागलं. "पित्त झालंय, सोडा दे," म्हणत त्यांनी तासभर काढला. घामानं बंडी भिजली तेव्हा साताऱ्यातच दवाखान्यात नेलं. हृदयाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली होती. तिथं त्यांना स्ट्रेप्टोकायनेज नावाचं औषध सलाइनमधून दिलं. तासाभरानं चेहऱ्यावर रंग आला. पुढं ते अकरा वर्षं जगले. हे औषध मूळचं एका जंतूचं. १९३३ साली अमेरिकेत विल्यम टिलेट यांना दिसलं की घसा धरणाऱ्या जातीच्या जंतूंमधून असं काही निघतं, ज्यानं गोठलेलं रक्त पुन्हा पातळ होतं. त्यानंतर टीपीए आलं. हे तर आपल्याच शरीरात तयार होणारं द्रव्य. आज अशी इंजेक्शनं आपल्या पुण्यातही तयार होतात.

पण गुठळी विरघळवणाऱ्याचं हाडात काय काम? मुंबईहून परत येताना पुण्याला भाचीकडे मुक्काम केला. ती बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. झालेली. रात्री जेवणं झाल्यावर तिनं मला समजावलं, ते माझ्या शब्दांत सांगते.

विळीनं बोट कापलं की रक्त येतं आणि थोड्या वेळानं थांबतं. तिथं फायब्रिन नावाच्या धाग्यांचं जाळं विणलं जातं आणि त्यात रक्त अडकून गोठतं. जखम भरली की हे जाळं काढून टाकायला हवं. त्यासाठी आपलं यकृत प्लाझ्मिनोजेन नावाचं द्रव्य तयार करून रक्तात सोडून ठेवतं. ते मिटलेल्या कात्रीसारखं. टीपीएनं ही कात्री उघडली की तिचं होतं प्लाझ्मिन, आणि ते फायब्रिनचे धागे कातरतं. आमच्या सासऱ्यांच्या छातीत त्या दिवशी हेच घडलं होतं.

वर्षानुवर्षं शास्त्रज्ञांना वाटत होतं की या कात्रीचं मुख्य काम तेवढंच. २००७ साली टोकियो विद्यापीठातल्या बेआटे हाइसिग, कोइची हात्तोरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. जन्मतःच प्लाझ्मिनोजेन नसलेले उंदीर त्यांनी घेतले. कॅन्सरवरचं एक औषध देऊन त्यांच्या अस्थिमज्जेतलं रक्त तयार होणं थांबवलं. साध्या उंदरांमध्ये असं झालं की मूळ पेशी जाग्या होतात आणि रक्त पुन्हा भरून काढतात. प्लाझ्मिनोजेन नसलेल्या उंदरांमध्ये त्या जाग्याच झाल्या नाहीत. उंदीर मेले. उलट, टीपीए देऊन प्लाझ्मिन वाढवलं तेव्हा रक्ताच्या पेशी जोमानं वाढू लागल्या.

हे कसं होतं? मूळ पेशींच्या शेजारी त्यांना सांभाळणाऱ्या पेशी असतात. त्यांच्या अंगावर किट लिगँड नावाचं द्रव्य चिकटलेलं असतं. मूळ पेशींसाठी ती उठायची हाकच. पण हाक तोंडातच अडकलेली. प्लाझ्मिन दुसऱ्या एका कात्रीला कामाला लावतं, ती कात्री ही हाक मोकळी करते आणि मग मूळ पेशी उठतात. पुढे २०११ साली अमेरिकेत क्लीव्हलँडच्या संशोधकांनी दाखवलं की प्लाझ्मिनोजेन नसलेल्या उंदरांना जी-सीएसएफ दिलं, तरी त्यांच्या मूळ पेशी हाडातून नीट बाहेर येत नाहीत. म्हणजे पेशींना उठवायलाही हीच कात्री आणि उंबरा ओलांडून द्यायलाही हीच.

मला खूप बरं वाटलं. ज्याला मी फक्त अडथळा काढणारं समजत होते, ते भरून काढणारंही होतं. काढून घेतलेलं पुन्हा उगवावं, याची सोय देहानं आधीच करून ठेवली आहे.

साताऱ्याला आल्यावर सासूबाईंना मी हे सगळं सांगितलं. कात्री वगैरे त्यांनी ऐकून घेतली. "मनक्यात सुई न्हाई ना नक्की?" एवढंच तीनदा विचारलं. हक्कसोडीचा राग मात्र गेला नाही. आणि मीही तो काढायचा प्रयत्न केला नाही. तो राग सुनेच्या बाजूचाच होता.

निर्णय झाला तो दुसऱ्याच कारणानं. दात्याच्या तपासण्यांसाठी आम्ही पुन्हा मुंबईला गेलो. डॉक्टरीणबाईंनी यजमानांना, माहेरच्यांना, मला, सगळ्यांना बाहेर पाठवलं आणि तिला एकटीला विचारलं, "तुम्हाला स्वतःला द्यायचं आहे का? नको असेल तर तसं सांगा, कारण मी कुणाला कळू देणार नाही." ती बाहेर आली तेव्हा चेहरा वेगळाच होता. परतताना एसटीत ती मला म्हणाली, "वैनी, हक्कसोडीच्या कागदावर सही केली तवा मला कुणी इचारलं नव्हतं. बोट ठेवून जागा दाखवली होती. हितं मला एकटीला इचारलं. मी हो म्हणाले. आता मला सासरचं बी कुणी सांगू नये आन् माहेरचं बी."

मैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा. दात्याची संमती ही दात्याचीच असते. नवऱ्याची, सासऱ्याची, भावाची नव्हे. हो म्हणायचा हक्क आहे तसा नाही म्हणायचाही आहे.

मुंबईला या उपचाराची जुनी परंपरा आहे. भारतातलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी केलं. ब्लड कॅन्सर झालेली नऊ वर्षांची मुलगी होती. तिला अस्थिमज्जा दिली तिच्या भावानं. डॉ. अडवाणींना लहानपणी पोलिओ झालेला. सगळं आयुष्य चाकाच्या खुर्चीवरून त्यांनी रुग्ण बघितले. अमेरिकेत सिएटलला डॉ. डोनल थॉमस यांच्याकडे ते हे तंत्र शिकून आले होते. त्या थॉमस यांना १९९० साली नोबेल मिळालं. तिथं भावानं बहिणीला दिलं होतं, इथं बहीण भावाला देत होती.

सप्टेंबरात भावाला दाखल केलं. इकडे मैत्रिणीची इंजेक्शनं सुरू झाली. कंबर, मांड्या, छातीचं हाड, सगळं ठणकत होतं. डोकं दुखायचं, कणकण वाटायची. "बाळंतपणाच्या कळांपुढं काय न्हाई," म्हणायची. पाचव्या दिवशी यंत्रावर बसली. हात हलवायचा नाही म्हणून मी तिला चमच्यानं ताक पाजलं. शेवटी हातात आली ती रक्तासारखीच दिसणारी एक छोटी पिशवी. ऑपरेशन नाही, काही नाही. रक्त चढवतात तशी ती भावाला चढवली. त्या पेशींना हाडाचा पत्ता कुणी सांगत नाही. त्या रक्तातून फिरत फिरत आपणच हाडात जाऊन बसतात.

त्यानंतरचे दिवस अवघड. जुनी मज्जा औषधांनी रिकामी केलेली, नवी अजून लागलेली नाही. भाऊ काचेपलीकडे एकटा. पांढऱ्या पेशी जवळजवळ शून्य. साध्या सर्दीनंही जिवावर बेतावं अशी अवस्था. मैत्रीण धर्मशाळेत थांबली होती. रोज सकाळी वहिनीकडून रक्ताचा आकडा विचारायची आणि बचत गटाच्या जुन्या वहीत लिहून ठेवायची. दोन आठवडे आकडा हललाच नाही.

डॉक्टरांनी भावाला सांगितलं होतं, "आधी सगळं काढून टाकलंय. आता नवीन फुटायची वाट बघायची." त्यावर तो फोनवर बहिणीला म्हणाला, "अगं, ही तर आपली ऑक्टोबर छाटणीच की!" ज्यांचं माहेर तासगाव-मिरजेकडे आहे त्यांना कळेल. छाटणीनंतर बाग अगदी बोडकी दिसते. नवख्याला वाटावं, मेली. मग काडीवरच्या झोपलेल्या डोळ्यांना पेस्ट लावतात आणि काही दिवसांत हिरवे कोंभ फुटतात. त्या वर्षी त्याच्या बागेची छाटणी भावकीतल्या लोकांनी उरकली. आणि सोळाव्या दिवशी वहीतला आकडा वर सरकला. सतराव्या दिवशी आणखी. मूळ पेशी लागल्या होत्या.

आता थोडं सावधगिरीचं. टोकियोचे आणि क्लीव्हलँडचे ते प्रयोग उंदरांवरचे आहेत. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन घेऊन मूळ पेशी वाढवायच्या, असा उपचार माणसांसाठी रूढ झालेला नाही. या इंजेक्शनांनी शरीरात कुठंही, मेंदूतसुद्धा, रक्तस्राव होऊ शकतो. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकारानं एका गोळीच्या चाचण्या ब्लड कॅन्सरच्या एका प्रकारात रुग्णांवर झाल्या आहेत. टीपीएला रोखून धरणारा जो लगाम शरीरात असतो, तो ही गोळी सैल करते. हे काम पायरीपायरीनं चालू आहे.

आपल्या गावांत मात्र पायऱ्या गाळून जाहिराती येतात. गुडघे, मधुमेह, मुलांचं मंदपण, सगळ्यावर 'स्टेम सेल'चं इंजेक्शन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटलं आहे की रक्ताच्या ठरावीक आजारांसाठी होणारं प्रत्यारोपण सोडलं, तर मूळ पेशींचा वापर रीतसर चाचणीतच व्हायला हवा. त्यामुळे दागिने मोडून पैसे भरण्याआधी आपल्या ओळखीच्या डॉक्टरांना विचारा.

दुसरी गोष्ट. पुष्कळजणी म्हणतात, "आमच्याकडे रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, मग गुठळीची काळजी कशाला?" ती गोळी नवी गुठळी होण्याची शक्यता कमी करते. झालेली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन वेगळं, ते दवाखान्यातच मिळतं आणि त्याला वेळेचं बंधन असतं. तोंड वाकडं झालं, एका बाजूचा हात उचलेना, बोलणं बोबडं झालं, तर साधारण साडेचार तासांच्या आत. छातीत दुखलं तर जितक्या लवकर तितकं चांगलं. आमच्या सासऱ्यांचा सोड्यात गेलेला तो तास मला अजून आठवतो.

मैत्रिणीचा भाऊ आज बागेत फिरतो. तपासण्या चालू आहेत, जपून राहायला सांगितलंय. मध्यंतरी एक नवल झालं. त्याचा रक्तगट आधी बी होता, बहिणीचा ओ. आता त्याचाही ओ झाला आहे. डॉक्टरीणबाईंना हे नवीन नव्हतं. त्या म्हणाल्या, "रक्त तयार करणारी मज्जाच आता बहिणीची. त्याच्या रक्तातल्या पेशींची गुणसूत्रं तपासली तर त्या बाईच्याच निघतील."

गेल्या भाऊबीजेला तो साताऱ्याला आला होता. मीही होते. जमिनीचं बोलणं निघालं नाही. ते निघायला हवं, असं मला वाटतं, आणि मी मैत्रिणीला तसं सांगितलंही आहे. ओवाळून झाल्यावर रक्तगटाची गोष्ट निघाली. सासूबाई सुपारी कातरत बसल्या होत्या. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला आणि म्हणाल्या, "म्हंजे लेक दिल्या घरी गेली म्हनायचं, आन् तिकडं समदं माहेर तिच्याच रगतावर चाललंय."

मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "त्याला खीर वाढ अजून. तुजंच हाय ते."